लॉराचे शॉकअप, क्लच आणि पत्र्याची पट्टी

माझी गाडी २०१० ची स्कोडा लॉरा, डिझेल, मॅन्युअल. दीड लाख किलोमीटर उलटल्यावर खंबाटकीच्या चढाला क्लच सुटायला लागला. इंजिन ओरडायचं, गाडी सरकायची नाही. पुढचे शॉकअपही गेले होते. सर्व्हिस सेंटरचा खर्च झेपण्यासारखा नव्हता, म्हणून ओळखीतून कळलेल्या एका गॅरेजला गाडी दिली.

"साहेब, सगळं जर्मन ओरिजिनल टाकतो." गॅरेजवाल्याने सॅक्स आणि लुक या जर्मन कंपन्यांची खोकी समोर ठेवली. मी खोकी बघितली, आतला माल हातात घेतला नाही. क्लच किट, नवं फ्लायव्हील आणि दोन शॉकअप मिळून ७८ हजार मोजले. पक्कं बिल घेतलं तर जीएसटी लागेल म्हणाला, मीही कच्च्या चिठ्ठीवर गप्प बसलो. जुने पार्ट मागितले तर म्हणे भंगारवाला सकाळीच घेऊन गेला. तिथेच मी थांबायला हवं होतं.

पंधरा दिवसांत स्पीडब्रेकरवर पुढून टक-टक यायला लागली. "नवीन माल आहे, बसायला वेळ लागतो," असं दोनदा ऐकून परत आलो. तीन महिन्यांत डावा टायर आतल्या कडेने तारा दिसेपर्यंत झिजला. बाबांना शेजारी बसवून मी याच टायरवर हायवेला ताशी शंभरने जात होतो, हे आठवलं की आजही पोटात गोळा येतो.

शेवटी साताऱ्याच्या एका जुन्या मेकॅनिककाकांनी चाक काढलं. या गाडीत शॉकअपची नळी खाली नकलमध्ये, म्हणजे चाक ज्या भागावर बसतं त्यात, सरकते आणि एका बोल्टने आवळली जाते. ही नळी काही गाड्यांना ५० मिमीची असते, काहींना ५५ मिमीची. माझ्या नकलला ५५ ची हवी होती, आणून बसवली होती ५० ची. उरलेल्या फटीत पत्र्याची पट्टी गुंडाळून ठोकली होती. काकांनी ती पक्कडीने ओढून माझ्या हातात ठेवली. एका बाजूला हिरवा रंग होता, कुठल्यातरी डब्याचा पत्रा असावा.

मग गिअरबॉक्स उतरवला. या गाडीचं फ्लायव्हील ड्युअल मास, म्हणजे दोन चकत्या आणि मधे स्प्रिंगा. डिझेल इंजिनाचे हिसके त्या स्प्रिंगा गिळतात, गिअरबॉक्सपर्यंत जाऊ देत नाहीत. माझं जुनंच फ्लायव्हील लेथवर घासून, दोन्ही चकत्या चार ठिकाणी वेल्डिंगने चिकटवून परत बसवलं होतं. म्हणूनच गाडी न्यूट्रलला उभी असतानाही गिअरबॉक्स खडखडायचा. क्लचच्या प्रेशर प्लेटवर ताजा काळा रंग होता, तो नखाने निघाला आणि खाली जुन्या गंजाचे खड्डे दिसले.

घोळ नावापासूनच सुरू होतो. भारतात स्कोडाची पहिल्या पिढीची ऑक्टाव्हिया विकली जात असतानाच दुसऱ्या पिढीची गाडी लॉरा नावाने आली. परदेशी कॅटलॉगमध्ये लॉरा सापडतच नाही, तिथे ती ऑक्टाव्हिया टू, मॉडेल १झेड. दुकानात नुसतं 'ऑक्टाव्हिया' म्हटलं की १यू चा, म्हणजे जुन्या पिढीचा माल हातात पडू शकतो. त्यामुळे गाडीचं नाव सांगून पार्ट घेऊ नका, सतरा अक्षरी चेसिस नंबर द्या. डिकीत स्टेपनीच्या खड्ड्यात आणि सर्व्हिस बुकात एक स्टिकर असतो, त्यावरचे तीन-तीन अक्षरांचे कोड तुमच्या गाडीला कोणतं सस्पेन्शन आहे ते सांगतात. त्याचा फोटो मोबाइलमध्येच ठेवा. स्कोडा फोक्सवॅगन गटातली, आणि या गटाच्या पार्ट नंबरात मधले तीन आकडे ४१३ असले तर पुढचा शॉकअप, ५१३ असले तर मागचा, १४१ असले तर क्लच. क्लच प्लेटही इंजिन-गिअरबॉक्सप्रमाणे बदलते. २२८ मिमी आणि २४० मिमी अशा दोन्ही येतात, तेव्हा जुनी प्लेट शेजारी ठेवून मोजून घ्या. आणि खोकं तुमच्या समोर फुटलं पाहिजे.

ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ ला, मी फोन केला. पहिला प्रश्न बिलाचा आला. माझ्याकडे चिठ्ठी होती, त्यावर ना दुकानाचं नाव, ना पार्ट नंबर. पैसे गेले ते गेलेच.

अलीकडे कुणी लॉरा किंवा त्या पिढीच्या जेट्टाचे शॉकअप बाहेर बदलून घेतले असतील तर आजच स्टिअरिंग पूर्ण वळवा आणि चाकामागे टॉर्च मारा. नळी आणि नकलच्या मधे पत्र्याची कड दिसली, तर ती गाडी घाटात नेऊ नका.