एकच सर्व्हर, दोन गट: अ‍ॅन्सिबल वापरताना

पणजी, मडगाव आणि वेर्णा येथे विखुरलेले चाळीसेक लिनक्स सर्व्हर आम्ही दोघे सांभाळतो आणि त्यांचे कॉन्फिगरेशन (म्हणजे सगळ्या सेटिंग्ज) दोन वर्षांपासून अ‍ॅन्सिबलवर चालते. 2012 साली सुरू झालेले आणि 2015 पासून रेड हॅटकडे असलेले हे मुक्तस्रोत साधन एका ठिकाणाहून अनेक सर्व्हरच्या सेटिंग्ज लावते, पण सर्व्हरवर स्वतःचा एजंट (तिथे सतत चालणारा मदतनीस प्रोग्रॅम) बसवत नाही. एसएसएच (दूरच्या यंत्रात सुरक्षितपणे शिरण्याची सोय) आणि पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेवर त्याचे भागते. जुन्या यंत्रावर काही नवे बसवायचे म्हटले की आमच्याकडे परवानगीचा कागद चार टेबलांवरून फिरतो, त्यामुळे हीच गोष्ट आम्हाला आधी भावली.

त्याची खरी ताकद मात्र गटवार धोरणांत आहे. इन्व्हेंटरीत, म्हणजे सर्व्हरच्या यादीत, त्यांचे गट पाडून ‘ग्रुप व्हार्स’ या फोल्डरात गटागटाची फाइल ठेवली, की ‘ऑल’ या सगळ्यांच्या गटातील सर्वसाधारण नियमावर पालक गटाचा, त्यावर उपगटाचा आणि त्याहीवर एकट्या सर्व्हरचा नियम चालतो. वेब सर्व्हर आणि डेटाबेस यांचे फायरवॉल वेगळे असूनही प्लेबुक (करायच्या कामांची फाइल) एकच पुरते.

अडचण होते ती एकच सर्व्हर समान पातळीवरच्या दोन गटांत असला म्हणजे. आमचा एक सर्व्हर ‘डेटाबेस’ गटात होता, तिथे लॉग (सर्व्हरच्या कामकाजाच्या नोंदी) 90 दिवस ठेवायचे होते, आणि ‘वेर्णा’ गटातही होता, तिथे 7 दिवस. अशा वेळी गटांची नावे रोमन वर्णक्रमाने घेतली जातात व शेवटच्याचे चालते. ‘डी’नंतर ‘व्ही’ येतो म्हणून 7 दिवस लागू झाले आणि ऑडिटला हवे असलेले लॉग पुसले गेले. दोष आमचाच, कारण माहितीपुस्तिकेत हे स्वच्छ लिहिलेले आहे. गटाला प्राधान्यक्रमांक देता येतो, पण तो इन्व्हेंटरीतच द्यावा लागतो. ग्रुप व्हार्समध्ये लिहून उपयोग नसतो. आता ठिकाणांच्या गटांत आम्ही केवळ डीएनएस (नावावरून यंत्राचा पत्ता शोधणारी सेवा) आणि घड्याळाच्या नोंदी ठेवतो व बदल सोडण्यापूर्वी त्या सर्व्हरची अंतिम मूल्ये ‘अ‍ॅन्सिबल-इन्व्हेंटरी’ या आज्ञेने तपासतो.

पपेट या अशाच दुसऱ्या साधनाचा एजंट सहसा दर 30 मिनिटांनी स्वतःहून धोरण मागून घेतो. आमच्या साधनात मात्र बदल ढकलताना जे यंत्र बंद असेल ते वंचित राहते. पावसाळ्यात वीज गेली की वेर्णा येथील यंत्रांचे नेमके हेच होते. त्यासाठी क्रॉन या ठरल्या वेळी कामे चालवणाऱ्या प्रोग्रॅममधून रात्री दोनला प्लेबुक पुन्हा चालवतो आणि सकाळी चहाआधी ‘अनरीचेबल’ची, म्हणजे संपर्क न झालेल्या यंत्रांची, यादी पाहतो. जूनमध्ये ती लांबते.