अलिबागच्या कुलाबा किल्ल्यावर चालत जाण्याआधी तिथी बघा

गेल्या संकष्टीला आम्ही पाचजण अलिबागला होतो. आईचा उपास, आणि तिला किल्ल्यातल्या सिद्धिविनायकाचं दर्शन घ्यायचं होतं. राघोजी आंग्र्यांनी 1759 साली बांधलेलं ते देऊळ. ओहोटीला चालत जाता येतं एवढंच आम्हाला माहीत होतं, म्हणून आदल्या संध्याकाळी किनाऱ्यावर भेटलेला एक गाईड ठरवला. पाचजणांचे 1500, तिकिटं धरून, चालत नेऊन चालत आणायचं. पैसे त्याने तिथेच घेतले.

सकाळी नऊला बोलावलं आणि स्वतः दहाला उगवला. "घाई करू नका, चारपर्यंत पाणी येत नाही." किल्ल्याच्या दारात तिकिटं आम्हालाच काढावी लागली. तिकिटांचं बोलणंच झालं नव्हतं, म्हणाला!

माहिती मात्र छान सांगत होता. तटाचे अवजड दगड चुना न भरता नुसते रचलेत, लाटेचं पाणी फटींत शिरतं आणि तिचा जोर मोडतो, हे खरंच आहे. त्यामुळे संशय आला नाही. चाकांवरच्या तोफांपाशी त्याने आमचे फोटो काढण्यात अर्धा तास घालवला. मध्येच बाजूला जाऊन फोनवर बोलला, "अजून थोडं थांब."

परत निघालो तेव्हा पावणेबारा झाले होते. येताना घोटा बुडत नव्हता तिथे आता मांडीएवढं पाणी. आईने साडी वर धरून दोन पावलं टाकली आणि शेवाळलेल्या खडकावरून तिचा पाय सरकला. मी दंड धरला म्हणून वाचली. तो शांतपणे म्हणाला, "आता चालत नाही जमायचं. होडीने चला, माणशी 400."

होडी तयारच उभी होती. किनाऱ्याला लागल्यावर नावाड्याने आमच्याच नोटांतल्या काही त्याच्या हातावर ठेवल्या, आमच्यासमोर. पैसे गेले ते गेले, पण उपाशीपोटी पाण्यात थरथरत उभी असलेली आई डोळ्यांसमोरून जात नाही.

गाईड जरूर घ्या, पण निम्मे पैसे परत आल्यावर द्या. आणि निघायची नव्हे, परतायची वेळ आधी ठरवा.

आम्ही उतरलो होतो तिथल्या काकूंनी रात्री कोळ्यांचा हिशेब सांगितला: तिथीला पाऊणने गुणायचं, येईल ती पूर्ण भरतीची साधारण वेळ, आणि तिच्या सहा तास आधी ओहोटी. चतुर्थी, म्हणजे चार पाऊणे तीन. भरती तीनला, ओहोटी नऊला. नऊलाच त्याने बोलावलं होतं.