कर्जाआधी पैसे मागणाऱ्या मॅडम : आमच्या बचत गटाचे 69,000 रुपये गेले

आमच्या बारा जणींच्या बचत गटाचे 69,000 रुपये गेले. प्रत्येकीचे 2,750 (नोंदणी 350, ट्रेनिंग 1,400, विमा 1,000), आणि वर गटाच्या पैशातले 36,000 ‘मार्जिन’ म्हणून, म्हणजे कर्जाआधी आपण भरायचा हिस्सा. आम्ही महिन्याला माणशी 200 टाकतो. 36,000 म्हणजे सगळ्यांची सव्वा वर्षाची बचत. गावात ‘गेले असतील थोडेफार’ असं बोललं जातंय, म्हणून आकडे लिहिले.

सोलापूर जिल्ह्यातलं आमचं गाव. गटात निम्म्या शिवणकाम करणाऱ्या, निम्म्या कडक भाकरी आणि शेंगाचटणी विकणाऱ्या. ट्रेनिंग आणि माणशी 50,000 कर्ज देते म्हणत एक मॅडम आल्या. हावरटपणा केला म्हणणाऱ्यांनो, त्या बाईनं समाजमंदिरात खरोखर शिकवलं. ब्लाऊजचं कटिंग, भाकरीच्या पाकिटाला सील मारणं, सगळं. हाताला धरून शिकवणाऱ्या बाईवर संशय कोण घेतं?

माणशी 2,750 रोख दिले. मार्जिनसाठी त्यांनी क्यूआर कोड पुढे केला. पावतीवर संस्थेचं नाव, आणि माझ्या फोनवर आलं एका पुरुषाचं नाव. मी विचारलंसुद्धा, “मॅडम, हे कोण?” “आमचे अकाउंटंट, ताई. संस्थेच्या खात्याचं केवायसी चाललंय.” आणि मी पिन टाकला. स्क्रीनवर नाव स्पष्ट दिसत होतं! तिथंच फोन बंद करायला हवा होता. रात्री डोळे मिटले की तेच नाव दिसतं. पण बाकीच्या जणी ‘आज भरलं नाही तर आपला नंबर जाईल’ म्हणून घाई करत होत्या, आणि अध्यक्ष म्हणून सगळ्यांच्या नजरा माझ्याकडे होत्या.

स्क्रीनवरचं नाव आणि पावतीवरचं नाव एक नसेल तर एक रुपया पाठवू नका.

बँक सखीनं (गटांना बँकेच्या कामात मदत करणारी ताई) नंतर सांगितलं, उमेद या सरकारी अभियानातल्या गटाला 10 लाखांपर्यंतच्या बँक कर्जाला तारणही लागत नाही आणि मार्जिनही नाही. हे गटाच्या पहिल्या बैठकीत का सांगत नाहीत? आणि शिवणकाम करणाऱ्यांनी ऐका, पीएम विश्वकर्मा योजनेत ट्रेनिंगला बसणाऱ्यालाच दिवसाला 500 रुपये मिळतात. ट्रेनिंगचे पैसे तुमच्याकडून मागितले की उठून या.

ठाण्यात गेलो तर म्हणाले, “पैसे तुम्हीच दिलेत ना? दिवाणी मामला आहे.” सायबरवाले म्हणाले, रोख रकमेचं आमच्याकडे काही नाही, ठाण्यात जा. ठाण्यानं परत सायबरकडे. तालुक्याच्या कार्यालयात “ही योजना आमची नाही” एवढंच उत्तर. अहो, तुमची नाही हे कळलंय आम्हाला! तुमच्या समाजमंदिराची किल्ली तिला कुणी दिली, ते सांगा. बँकेनं ‘आधी एफआयआर आणा’ म्हणून परत पाठवलं. दखलपात्र, म्हणजे पोलिसांना स्वतः तपास करता येतो अशा गुन्ह्याची खबर मिळाली की एफआयआर नोंदवायचा, हे सुप्रीम कोर्टानं 2013 मध्ये सांगितलंय. भारतीय न्याय संहितेत फसवणुकीचं कलम 318 आहे. आमच्या हातात मात्र नुसती अर्जाची पोच. रोजंदारी बुडवून, एसटीचं भाडं भरून बायका गेल्या होत्या, त्यांना बसायला खुर्चीही दिली नाही.

1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन लावला तोवर पैसे त्या खात्यातून पुढे गेले होते. घरच्यांना काय सांगू, या लाजेत वेळ घालवू नका. लगेच फोन करा.

शेजारच्या गावातल्या आणखी एका गटाकडे त्याच मॅडमच्या पावत्या आहेत असं ऐकलंय. पावत्या फाडू नका, गावातल्या ताईंनो. दोन्ही गटांचा अर्ज एकत्र करून थेट पोलीस अधीक्षकांकडे द्यायचा आहे.