कॅनन ५० एमएम एफ/१.८ एसटीएम: दिवाळीच्या रोषणाईसाठी घ्यावी का?

कंदील आणि त्याच्या उजेडातला चेहरा टिपायचा असेल, तर ही लेन्स जरूर घ्या. अख्ख्या इमारतीची रोषणाई हवी असेल, तर तेच पैसे चांगल्या ट्रायपॉडला लावा. कॅमेऱ्यासोबत मिळालेली १८-५५ एमएमची झूम लेन्स त्याला पुरते.

एफचा आकडा जितका लहान, तितकं लेन्सचं तोंड (अपर्चर) मोठं. १८-५५ ही ५० एमएमच्या आसपास एफ/५.६ पेक्षा जास्त उघडत नाही. ही ५० एमएम एफ/१.८ पर्यंत उघडते, म्हणजे जवळजवळ दहापट प्रकाश. जिथे आयएसओ (सेन्सरची प्रकाशाला संवेदनशीलता) ६४०० लागायचा तिथे ६४० वर भागतं. इमारत जागची हलत नाही, त्यामुळे तिला ट्रायपॉडवर आयएसओ १००, एफ/८ आणि काही सेकंदांचं शटर चालतं. पणती लावणारं पोर तेवढा वेळ थांबत नाही, तिथे ही लेन्स लागते. शिवाय क्रॉप सेन्सरवर (फुल फ्रेमपेक्षा लहान सेन्सर) पाच मीटरवरून चौकटीत जेमतेम सव्वादोन मीटर रुंदी मावते. माहीमच्या कंदील गल्लीत गर्दीच्या वेळी मागे सरकायला जागाच नसते.

या लेन्सची खरी मजा मागच्या माळांच्या धूसर गोळ्यांत आहे. कंदिलापासून एक मीटरवर उभं राहा. माळा त्याच्या मागे चार-पाच मीटरवर हव्यात. एफ/१.८ ला गोळे सर्वांत मोठे येतात, पण चौकटीच्या कडेचे गोळे चपटे होतात आणि पांढऱ्या एलईडीभोवती जांभळी किनार दिसते. एफ/२.८ ला दोन्ही बरंच कमी होतं. माझ्या मते दिवाळीसाठी हेच अपर्चर ठेवावं. दिव्यांच्या चांदण्या हव्या असतील तर ट्रायपॉडवर एफ/११ ला जा. अपर्चरची पाती सात असल्यामुळे प्रत्येक दिव्याला चौदा किरण फुटतात.

अंधारात ऑटोफोकस पुढेमागे फिरत राहतो. लाइव्ह व्ह्यूमध्ये (मागच्या पडद्यावर) चित्र दहापट मोठं करा, लेन्सवरचं बटण एमएफवर (हाताने फोकस) न्या आणि कंदिलाच्या काडीवर किंवा कागदाच्या दुमडीवर फोकस लावा. कॅमेरा बंद असताना रिंग फिरवून काही होत नाही, कारण फोकस मोटरच हलवते.

काळ्या आभाळामुळे कॅमेऱ्याचा प्रकाश मोजणारा मीटर फसतो आणि कंदिलाचा कागद पांढराफटक येतो, म्हणून एक्सपोजर एक ते दीड स्टॉप कमी करा (एक स्टॉप कमी म्हणजे प्रकाश निम्मा). निळ्या माळा असतील तर हिस्टोग्राम (उजेडाचा आलेख) रंगवार बघा: एकूण आलेख ठीक दिसतो, पण निळा उजवीकडे आपटलेला असतो आणि मग रॉ फाइलमधूनही (सेन्सरची मूळ नोंद) तो रंग नीट परत मिळत नाही. सूर्यास्तानंतर वीस-तीस मिनिटांत, आभाळात निळाई असताना, ही ओढाताण सर्वांत कमी असते.

स्वस्त एलईडी माळा विजेच्या ५० हर्ट्झबरोबर लुकलुकतात. डोळ्याला कळत नाही, पण १/२५० सेकंदाच्या शटरला काही दिवे मंद, काही विझलेले येतात. १/१०० ला बऱ्याच माळा सुधारतात. तरीही फरक दिसला तर १/५० वर या आणि कोपर भिंतीला टेकवा, कारण या लेन्सला स्थिरीकरण नाही.

यूव्ही फिल्टर रात्री काढूनच ठेवा, नाहीतर चौकटीच्या मध्याच्या बरोबर विरुद्ध बाजूला हिरवट ठिपके उमटतात.

याच लेन्सची जुनी आवृत्ती, ५० एमएम एफ/१.८ टू, स्वस्तात मिळते, पण तिला पाती पाचच आहेत, एफ/२.८ ला गोळ्यांचे पंचकोन होतात. शिवाय ती ४५ सेंटीमीटरपेक्षा जवळ फोकस करत नाही, नवी ३५ पर्यंत जाते. ताटातली पणती भरून घ्यायची असेल तर हे दहा सेंटीमीटर मोलाचे आहेत. थोडे पैसे जास्त गेले तरी एसटीएमच घ्या.