घरची सर्व्हर रूम: उन्हाळा, पावसाळा आणि अवकाळी सोसल्यानंतर

घरात सर्व्हर ठेवायचा म्हटलं की माणूस आधी रॅक बघतो, मग नेटवर्कचा स्विच बघतो, मग निळ्या दिव्यांचे फोटो बघतो. विजेचं आणि हवेचं नंतर बघू म्हणतो. दहा महिने वापरल्यावर माझं मत उलट झालंय. आधी एवढंच ठरवा, की लाईट गेल्यावर त्या खोलीतली हवा कोण हलवणार? याचं उत्तर मिळालं की यूपीएस केवढा, एसी हवा की नको, खोली कुठली, हे बाकीचे प्रश्न निम्मे सुटतात.

आमचं नाशिकला इंदिरानगरमध्ये रो-हाऊस आहे. बायको आर्किटेक्ट, तळमजल्यावर तिचं ऑफिस. त्याला लागून जिन्याखालची सात बाय पाचची स्टोअर रूम होती. जुने हिशेबाचे कागद, दिवाळीचा आकाशकंदील आणि न लागणाऱ्या बादल्या हलवून ती मोकळी केली. आता आत चार हार्ड डिस्कचा एक टॉवर सर्व्हर आहे, प्रॉक्समॉक्सवर (एकाच मशीनवर अनेक आभासी कॉम्प्युटर चालवणारं सॉफ्टवेअर) चालणारा एक जुना डेस्कटॉप, नेटवर्क केबलमधूनच वीजही देणारा पीओई स्विच, राउटर, कॅमेऱ्यांचा एनव्हीआर म्हणजे रेकॉर्डर आणि बायकोचं रेंडरिंगचं, म्हणजे डिझाइनवरून खरी वाटणारी चित्रं बनवायचं मशीन. एरवी सगळं मिळून 240 वॅटच्या आसपास ओढतं. रेंडर सुरू असला की 550 पर्यंत जातं. फेब्रुवारीत काम संपलं, त्यामुळे एप्रिल-मेची परीक्षा लगेचच झाली.

वरच्या मजल्यावर एक रिकामी खोली होती, मोठीही होती. पण तिच्यावर गच्चीचा उघडा स्लॅब आणि पश्चिमेला भिंत. उन्हाळ्यात तो स्लॅब रात्री दहा-अकरापर्यंत उष्णता ओकत असतो. खालची खोली अंधारी आणि अडचणीची आहे, पण तिची बाहेरची भिंत उत्तरेला आहे, आणि मला तेवढंच पाहिजे होतं.

आता थंडाव्याचं गणित. मशीन जितके वॅट खातं, तितकी जवळजवळ सगळी उष्णता खोलीत सोडतं. एक वॅट म्हणजे तासाला 3.41 बीटीयू (उष्णतेचं माप). आमचे 550 वॅट धरले तरी 1,900 च्या आत. एक टनाचा एसी तासाला 12,000 बीटीयू ओढतो. एसीवाला म्हणाला, "साहेब, एक टन टाकून द्या, टेन्शनच नको." पण एवढ्याशा खोलीत तो एसी दोन-चार मिनिटांत गार करून बंद पडणार, परत सुरू होणार, आणि दिवसभर हेच चालणार. पावसाळ्यात दमटपणाही नीट काढणार नाही, कारण त्यासाठी एसी सलग चालावा लागतो. आणि लाईट गेली की एसी बंद. सर्व्हर मात्र यूपीएसवर चालूच राहणार. म्हणजे ज्या वेळी थंडावा पाहिजे, नेमका तेव्हाच तो नाही.

म्हणून या खोलीत एसी लावलाच नाही. ऑफिसकडच्या दाराच्या खालच्या भागात जाळीची झडप बसवली आणि तिला धुता येणारा फिल्टर लावला. उत्तरेच्या भिंतीत वरच्या बाजूला सहा इंची इनलाइन डक्ट फॅन, म्हणजे हवेच्या नळीतच बसणारा पंखा. दिवसा ऑफिसात बायकोचा एसी चालूच असतो, ती गार हवा खालून आत येते, मशीनमधून जाते आणि वरून बाहेर पडते. किती हवा लागेल याचा हिशेब सोपा आहे: वॅटला 1.76 ने गुणायचं आणि आत-बाहेर जितक्या अंशांचा फरक चालवून घ्यायचाय त्याने भागायचं. 550 वॅट आणि 8 अंश धरले तर साधारण 120 सीएफएम, म्हणजे मिनिटाला 120 घनफूट हवा. फॅनच्या खोक्यावर याच्या दुप्पट आकडा असलेला घ्या. फिल्टर, बाहेरची जाळी आणि डक्टचं एखादं वळण मिळून त्यातला बराच खाऊन टाकतात.

आणि मुख्य म्हणजे हा फॅन यूपीएसवर आहे. जेमतेम 40 वॅटचा पंखा, पण अख्ख्या योजनेत सगळ्यात शहाणपणाचे पैसे यातच गेले असं मी म्हणेन. मे महिन्यात भर दुपारी वाऱ्या-वादळाने लाईट गेली, ऑफिसचा एसी बंद. सर्व्हरच्या तोंडाशी लावलेला सेन्सर 28 वरून चढत चढत तासाभराने 33 वर गेला आणि तिथेच थबकला. डिस्क 44 वर. ॲश्रे या संस्थेची सर्व्हरसाठीची शिफारस 18 ते 27 अंशांची आहे, पण बऱ्याच यंत्रांना 35 पर्यंत चालतं. त्यामुळे 33 म्हणजे काळजी होती, पण संकट नव्हतं. फॅन बंद करूनही एकदा मुद्दाम बघितलं. पाऊण तासाच्या आत आकडा 38 च्या पुढे जायला लागला, तेव्हा फॅन परत लावला.

नाशिकचा एक फायदा मुंबईच्या लेखांत सापडणार नाही. इथे मे महिन्यातही रात्र उतरते. दुपारी चाळिशीला टेकलेला पारा पहाटे बावीस-चोवीसला येतो. त्यामुळे रेंडर, बॅकअप, डिस्कची तपासणी, असली जड कामं मी रात्री अकरानंतरच्या वेळापत्रकात टाकलीत. ऑफिसची खिडकी जाळी लावून उघडी ठेवली की एसीची गरजच नाही. दिवसा आत येणारी हवा 32 अंशांच्या वर गेली की रेंडर आपोआप थांबतो, 38 ला सगळंच बंद. हे होम असिस्टंट या घरातली यंत्रं आपोआप चालवणाऱ्या सॉफ्टवेअरवर, एका सेन्सरच्या जिवावर चालतं.

तोटाही सांगतो. ऑफिसातली गार हवा सतत बाहेर फेकली जाते, म्हणजे तिथला एसी जास्त चालतो. बायकोच्या हे लगेच लक्षात आलं, बिल यायच्या आधीच. म्हणून फॅनला वेग कमी-जास्त करणारा कंट्रोलर लावला. 240 वॅटवर तो निम्म्यापेक्षा कमी वेगात पुरतो.

पावसाळ्यात मला बुरशीची धास्ती होती. झालं उलटंच. हवा तापली की तिचा सापेक्ष दमटपणा उतरतो, त्यामुळे ही घरातली सगळ्यात कोरडी खोली ठरली. जुलैत आईने विचारलं, "अरे, पोरांचे युनिफॉर्म घालू का रे तुझ्या त्या खोलीत वाळत?" मोह झाला होता, पण कपड्यांचा ओलावा आणि धागे थेट मशीनच्या पंख्यात जातात. नाही म्हणालो. ती अजून अधूनमधून विचारते. उन्हाळ्यात डेझर्ट कूलर लावून बघ म्हणणाऱ्यांनाही हेच उत्तर: ओली, धुळीची हवा मशीनच्या तोंडात देऊ नका.

आता वीज. 240 वॅट चोवीस तास म्हणजे दिवसाला पावणेसहा युनिट, महिन्याला 170 च्या पुढे. घरगुती दराचे टप्पे 100, 300 आणि 500 युनिटला बदलतात. आमचं घर आधी 300 च्या आत बसायचं, आता बसत नाही, आणि वरचे युनिट महाग दराने पडतात. सर्व्हरचा खर्च काढताना सरासरी दर धरू नका, वरच्या टप्प्याचा धरा. सोलर बसवून हे भागेल असं पुष्कळांना वाटतं. बिलापुरतं भागतं. एक किलोवॅट दिवसाला साधारण चार युनिट देतो, आणि पीएम सूर्यघर योजनेत तीन किलोवॅटला 78,000 रुपयांपर्यंत अनुदान आहे. पण ग्रिडला जोडलेला साधा सोलर इन्व्हर्टर लाईट गेली की स्वतःही बंद होतो, लाईनवर काम करणाऱ्या माणसाला शॉक बसू नये म्हणून. वर लख्ख ऊन आणि खाली अंधार, असं होऊ शकतं.

यूपीएस एक केव्हीएचा ऑनलाइन (लाईट गेल्यावर क्षणभरही न तुटता वीज देणारा), बाहेरून बॅटऱ्या जोडायचा. 12 व्होल्टच्या 42 एएचच्या (अँपिअर-तास) तीन एसएमएफ, म्हणजे पाणी घालावं न लागणाऱ्या सीलबंद बॅटऱ्या आहेत. एरवीच्या लोडवर तीन तासांपेक्षा जास्त निघतो. घरच्या इन्व्हर्टरवर का नाही? त्याचा लाईटवरून बॅटरीवर जायचा वेळ यूपीएस मोडमध्येसुद्धा दहा मिलिसेकंदांच्या घरात असतो आणि साध्या मोडमध्ये कितीतरी जास्त. चांगला एसएमपीएस (कॉम्प्युटरचा पॉवर सप्लाय) सोळा-सतरा मिलिसेकंद तग धरतो, जुना धरेलच असं नाही. शिवाय इन्व्हर्टरची ट्युब्युलर बॅटरी चार्ज होताना हायड्रोजन सोडते, ती बंद खोलीत नकोच. ऑनलाइन यूपीएसचा त्रास दोन बाबतींत होतो. तो स्वतः चाळीसेक वॅट खाऊन उष्णता करतो, ती हिशेबात धरा. आणि त्याचा पंखा रात्री घुं करत राहतो. पॅसेजमध्ये झोपणाऱ्या पाहुण्यांनी तक्रार केल्यावर दाराच्या कडांना रबर लावलं.

यूपीएस आणि सर्व्हर यूएसबीने जोडून त्यावर 'नट' हे यूपीएसवर नजर ठेवणारं सॉफ्टवेअर बसवा. बॅटरी तिसऱ्या हिश्श्यावर आली की आधी रेंडर मशीन, मग डेस्कटॉप आणि सगळ्यात शेवटी डिस्कवाला सर्व्हर, या क्रमाने सगळं शिस्तीत बंद होतं. राउटर शेवटपर्यंत चालू ठेवतो.

अर्थिंगवर थोडं जास्त लिहितो, कारण त्याबद्दल कुणी बोलत नाही. वायरमनने मल्टिमीटरचं एक टोक न्यूट्रलला आणि एक अर्थला लावलं. आकडा 11 व्होल्ट. "साहेब, ही अर्थिंग नावालाच आहे," तो म्हणाला, आणि बरोबर म्हणाला. हा आकडा दोन-तीनच्या आत पाहिजे. नाशिकची जमीन म्हणजे वर काळी माती आणि थोडं खाली गेलं की काळा कातळ. अंगणात खड्डा घ्यायला घेतला तर चार फुटांवर पहार ठणठणायला लागली. शेवटी मशीन आणून भोक पाडलं, आत तांब्याची इलेक्ट्रोड आणि भोवती केमिकल कंपाउंड. त्यानंतर मीटरवर दीड व्होल्ट. एप्रिल-मेमध्ये काळी माती तडकते, तेव्हा त्या खड्ड्यात आठवड्याला बादलीभर पाणी ओततो.

मेन बोर्डातून खोलीसाठी 4 चौरस मिलिमीटरची वेगळी लाईन, वेगळा एमसीबी आणि वेगळा आरसीसीबी (करंट अर्थमध्ये गळला की लाईन तोडणारा) घेतला. प्रत्येक एसएमपीएसचा फिल्टर अर्थमध्ये थोडा थोडा करंट सोडत असतो. सगळी मशीनं आणि गिझर एकाच 30 मिलिअँपिअरच्या आरसीसीबीवर असतील तर तो विनाकारण पडतो, आणि मग वैतागून कुणीतरी तो काढून टाकतं. तसं करू नका, वेगळा लावा. बोर्डात टाइप 2 चा सर्ज प्रोटेक्टर आहे, तो अचानक येणारा जादा व्होल्टेजचा झटका अडवतो. त्याचाही उपयोग अर्थिंग धड असेल तरच.

नेटवर्कचं काम सगळ्यात सोपं निघालं. केबल कॅट-6, अस्सल तांब्याची. 305 मीटरचं खोकं उचलून बघा. संशयास्पद हलकं लागलं तर ब्लेडने तार खरवडायची. आतून पांढरी निघाली तर ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा आहे. पीओईच्या कॅमेऱ्यांना ती कामाची नाही. डेटाची नळी विजेच्या नळीपासून फूटभर लांब नेली, जिथे ओलांडावी लागली तिथे काटकोनात. प्रत्येक ठिकाणी दोन केबल टाकल्या आणि नळीत एक रिकामी ओढतार ठेवली. बायकोच्या टेबलाला 2.5 गिगाबिट दिलंय. साध्या हार्ड डिस्कच्या वेगाला ते पुरून उरतं, दहा गिगाबिटची हौस लागली नाही. सर्व्हर आणि स्विचमध्ये मात्र डॅक केबलने (दोन्ही टोकांना प्लग बसवूनच येणारी तांब्याची आखूड केबल) दहा आहे. त्याऐवजी साधी नेटवर्क केबल जोडायला स्विचच्या खाचेत बसवायचं आरजे-45 चं एसएफपी प्लस मॉड्यूल हाताला चटका बसेल इतकं तापतं, डॅक तापत नाही.

गेटवरच्या कॅमेऱ्याला फायबर नेली. अवकाळीत वीज जवळपास पडली की बाहेरून आत येणाऱ्या तांब्याच्या तारेत सर्ज येतो आणि थेट स्विचमध्ये घुसतो. आमच्याच गल्लीत एकाचा एनव्हीआर तसा गेला. दुसरं ब्रॉडबँड कनेक्शनही घेतलंय, पण ज्याची तार वेगळ्या रस्त्याने येते असंच बघून. सिंहस्थाच्या तयारीची खोदकामं चालू असताना एकाच खांबावरून येणारी दोन कनेक्शनं एकदमच जातात.

किरकोळ गोष्टी: रॅकचं काचेचं दार पहिल्याच आठवड्यात काढून ठेवलं, ते हवा अडवतं. चार इंची भिंतीवर रॅक टांगू नका, जमिनीवर उभा करा. विझवायचं यंत्र सीओटूचं ठेवा, पावडरचं फवारलं तर आगीतून वाचलेलं मशीन पावडरने जातं. आणि केबलची सगळी भोकं बुजवा. पालीला उबदार यूपीएस फार आवडतो.

फिल्टर उन्हाळ्यात पंधरवड्याला धुवावा लागतो. शेजारच्या प्लॉटवर बांधकाम आहे, त्यामुळे तो आठवड्यातच मळतो. बॅटऱ्या मुद्दाम झडपेजवळ, खालच्या गार हवेत ठेवल्यात, कारण 25 च्या वर दर दहा अंशांना एसएमएफ बॅटरीचं आयुष्य साधारण निम्मं होतं. तरी तीनेक वर्षांत त्या बदलाव्या लागतील असं धरून चाललोय. तेव्हा लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटऱ्या घ्यायचा विचार आहे, पण या यूपीएसचा चार्जर त्यांना चालणारा नाही. म्हणजे यूपीएसही बदलायला आला, आणि तो खर्च आत्तापासून बाजूला काढायला सुरुवात केलीय.