मांजराची किडनी बदलताना भूल कशावर ठेवावी: प्रोपोफॉल, सेव्होफ्लुरेन की आयसोफ्लुरेन?

डेव्हिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात १९८७ साली पाळीव मांजरांवर किडनी प्रत्यारोपण सुरू झालं. अशा केसची तयारी करणाऱ्या भूलतज्ज्ञांसाठी हे लिहितेय.

शिरेतून द्यायच्या प्रोपोफॉलचा निकाल आधी लावते. भूल चढवायला ते उत्तम, फक्त थेंबाथेंबाने द्यावं. पण तासन्‌तास त्यावरच ठेवणं मांजरात मला पटत नाही. प्रोपोफॉलसारखी फेनॉल जातीची औषधं मांजराच्या यकृताला जड जातात. भूल रेंगाळते, आणि पुन्हापुन्हा दिलं तर तांबड्या पेशींवर हाइन्झ बॉडी, म्हणजे बिघडलेल्या हिमोग्लोबिनचे ठिपके, दिसू लागतात. किडनी गेलेल्या मांजराच्या अंगात रक्त आधीच कमी असतं.

उरले दोन वायू. सेव्होफ्लुरेन रक्तात कमी विरघळतो, म्हणून भूल पटकन कमी-जास्त करता येते. त्याच्यावरचा आक्षेप कंपाउंड एचा: भुलीच्या यंत्रात कार्बन डायऑक्साइड शोषणाऱ्या सोडा लाइमशी संयोग होऊन ते तयार होतं आणि उंदरांच्या किडनीला इजा करतं. रुग्णांमध्ये तसं नुकसान सिद्ध झालेलं नाही. तरी सोडा लाइम ताजा भरा, वायूचा प्रवाह फार कमी ठेवू नका. आयसोफ्लुरेनला ही काळजीच नाही. माणसांत त्याचं विघटन जेमतेम ०.२ टक्के, सेव्होचं ३ ते ५.

रक्तदाब मात्र दोन्ही पाडतात, आणि नव्या किडनीचा जीव रक्तदाबावर. रक्तवाहिन्यांवरचा क्लॅम्प सुटला की राखट दिसणारी किडनी गुलाबी व्हायला हवी. नेमक्या त्या मिनिटाला दाब घसरतो. सरासरी दाब ६० mmHg च्या खाली जाऊ देऊच नका, ७० असला तर बरं. म्हणून वायू कमीत कमी आणि जोडीला फेंटानिल या तीव्र वेदनाशामकाचं शिरेतून सतत इन्फ्युजन. फेंटानिलमुळे कुत्र्यात वायू जितका कमी करता येतो तितका मांजरात होत नाही, हे धरून चाला. केटामाइन हे भुलीचं औषधही बेताने, कारण मांजरात ते बरंचसं लघवीवाटेच बाहेर पडतं.

मी आयसोफ्लुरेन आणि फेंटानिल निवडेन. सेव्होवर हात बसलेला असेल तर तोच ठेवा, या केससाठी बदलू नका.

दात्या मांजराला दोन्हीपैकी कुठलाही वायू चालतो. किडनी काढण्याआधी त्याला मॅनिटॉल (लघवी वाढवणारं औषध) द्या, रक्तदाब तितक्याच नेमाने लिहा, आणि जाग येण्याआधी वेदनाशामक पोचलेलं असू द्या. निरोगी असूनही ते टेबलावर आलंय आणि यापुढे एकाच किडनीवर जगणार आहे. किडनीला बाधू शकणारं मेलॉक्सिकॅम हे वेदनाशामक मात्र दोघांनाही नको.