शॉकपचे रबरी कव्हर की कापडी कव्हर: खारपाणपट्ट्यातील एका पावसाळ्याचा अनुभव

दोन वर्षांत माझ्या १२५ सीसी गाडीच्या पुढच्या शॉकपचे (शॉक अ‍ॅब्सॉर्बरचे) ऑईल सील, म्हणजे आतले ऑईल रोखणारे रबरी कडे, तीन वेळा बदलावे लागले. तिसऱ्या वेळी गळालेले ऑईल बॉटमवरून (शॉकपच्या खालच्या जाड नळीवरून) खाली उतरून डिस्कपर्यंत पोहोचले, ब्रेक पॅड ओले झाले आणि नाल्याच्या उतारावर ब्रेक धरलाच नाही. मागे बसलेल्या मुलासह गाडी धुऱ्यावर (शेताच्या बांधावर) चढून थांबली म्हणून निभावले. त्यानंतर सील वारंवार बदलण्याऐवजी ते खराबच होऊ नये यासाठी काय करता येईल याचा शोध मी घेतला आणि बाजारात मिळणारी दोन प्रकारची कव्हरे एकाच पावसाळ्यात वापरून पाहिली.

माझे वावर दर्यापूर तालुक्यात, पूर्णेच्या खारपाणपट्ट्यात, गावापासून सहा किलोमीटरवर आहे आणि त्यातले अडीच किलोमीटर निव्वळ पांदण, म्हणजे शेतात जाणारी कच्ची वाट, आहे. येथील काळी माती ओली झाली की चाकाला धरते, मडगार्डमध्ये भरत जाते आणि शेवटी चाकच फिरेनासे होते, हे या भागातल्या वाचकांना सांगावे लागणार नाही. शॉकपच्या दृष्टीने मात्र या मातीचे दोन गुण घातक आहेत. तिच्यातील चिकणमातीचे कण ०.००२ मिलिमीटरपेक्षाही बारीक असतात, त्यामुळे पाण्यात कालवलेली ही माती डस्ट सीलच्या (शॉकपच्या तोंडाशी धूळ अडवणाऱ्या रबरी कड्याच्या) ओठाखालून लोण्यासारखी आत शिरते. आणि याच मातीत चुनखडीचे बारीक खडे असतात, ते शॉकपच्या क्रोमच्या पाईपवर सुकलेल्या थरात अडकून बसतात. गाडी खड्ड्यात आदळली की पाईप बॉटममध्ये शिरतो आणि तो वाळलेला थर थेट सीलवर घासला जातो. डस्ट सीलच्या खाली तारेची गोल क्लिप आणि तिच्या खाली ऑईल सील असते. त्याचा ओठ एका बारीक स्प्रिंगने पाईपला आवळलेला असतो. त्या ओठात एक खडा रुतला तरी तो प्रत्येक हेलकाव्याला पॉलिश पेपरसारखे काम करतो. आधी सील जाते, मग पाईपवर उभी रेघ पडते, आणि रेघ पडल्यावर नवे सीलही टिकत नाही.

माझ्या बाबतीत नेमके हेच झाले होते. एका मिस्त्रीने पाईपवर पडलेली रेघ न पाहताच नवे सील ठोकून दिले आणि दोन महिन्यांत ते पुन्हा गळू लागले. म्हणून कव्हर घेण्याआधी पाईप पुसून त्यावरून नख फिरवून पाहावे. नख अडकत असेल तर तेवढी जागा २००० नंबरच्या पाण्याच्या पेपरने ऑईल लावून हलक्या हाताने गुळगुळीत करून घ्यावी. रेघ खोल असेल तर पाईप बदलण्याला पर्याय नाही. कव्हरने ती भरून निघत नाही.

मी घेतलेले पहिले कव्हर म्हणजे भात्यासारख्या घड्यांचे रबरी कव्हर. ते तालुक्याच्या ठिकाणी स्पेअर पार्टच्या दुकानात २२० रुपयांना जोडी मिळाले. बजाजच्या सीटी ११० ला आणि रॉयल एनफिल्डच्या ४११ सीसी हिमालयनला कंपनीकडूनच अशी कव्हरे बसवून आलेली अनेकांनी पाहिली असतील. दुसरे निओप्रीनचे, म्हणजे पाण्यात पोहणाऱ्यांच्या पोशाखासाठी वापरतात त्या फुगीर रबरी कापडाचे. ते पाईपभोवती गुंडाळून वेल्क्रोच्या पट्टीने चिकटवायचे असते. ते ऑनलाईन मागवले आणि ४५० रुपये पडले. दोन वाण शेजारी-शेजारी पेरून पाहावेत त्याप्रमाणे जून २०२४ मध्ये डिस्ककडच्या शॉकपला रबरी आणि दुसऱ्या बाजूला कापडी कव्हर लावले, आणि दोन्हीखाली नवी सील बसवून घेतली.

माप घेताना अंदाजावर जाऊ नये. पाईपभोवती एकदाच दोरा गुंडाळून त्याची लांबी मोजावी आणि तिला ३.१४ ने भागावे. माझा दोरा ९४ मिलिमीटर भरला, म्हणजे पाईप ३० मिलिमीटरचा. लांबीसाठी गाडी डबल स्टँडवर घेऊन पुढचे चाक अधांतरी करावे आणि हँडलखालच्या 'टी'पासून (दोन्ही शॉकप धरून ठेवणाऱ्या आडव्या भागापासून) डस्ट सीलपर्यंतचे अंतर घ्यावे, कारण शॉकप पूर्ण ताणला जातो तेव्हाही कव्हर बॉटमवरून सुटता कामा नये.

बसवण्याच्या कामात कापडी कव्हर फारच सोपे आहे. मी ते घरच्या अंगणात पंधरा मिनिटांत लावले. जोड मागच्या बाजूला येईल एवढी काळजी घेतली की झाले. रबरी कव्हरासाठी चाक, कॅलिपर (ब्रेक पॅड धरणारा भाग) आणि मडगार्ड काढून 'टी'चे बोल्ट सैल करावे लागतात, शॉकप खाली ओढून कव्हर वरून सरकवावे लागते. या कामाला मिस्त्रीचे दीड तास आणि ३०० रुपये लागले. पहिल्याच दिवशी त्यात एक दोषही आढळला. कव्हराला हवा जाण्यासाठी छिद्रच नव्हते, त्यामुळे गाडी दबली की ते फुग्यासारखे फुगे आणि बॉटमच्या कडेवरून निसटे. मी तापवलेल्या सुईने मागच्या बाजूला, सर्वांत खालच्या घडीत, दोन बारीक छिद्रे पाडली, तेव्हा ते जागेवर राहिले. छिद्रे पुढच्या बाजूला पाडली असती तर चाकावरून उडणारा चिखल सरळ आत गेला असता.

जुलैच्या मध्यापर्यंत दोन्ही कव्हरे सारखीच वाटत होती. मग आठवडाभर झड लागली. त्यानंतरच्या रविवारी कापडी कव्हर उघडले, तेव्हा आतून काळ्या, गार, बोटाला साबणासारख्या लागणाऱ्या मातीचा अर्धे बोट रुंद थर डस्ट सीलच्या बरोबर वर जमलेला होता. माती वरच्या उघड्या तोंडातून पाण्याबरोबर उतरली होती आणि ओल्या कापडाने तिला सुकूही दिले नव्हते. पाईपवर त्या ठिकाणी तांबूस गंजाचे टिपके दिसू लागले होते. त्याच आठवड्यात त्या गाडीवरून युरियाची गोणी आणली होती. सांडलेले खत ओलाव्यात विरघळून क्रोमवर बसले की टिपके लवकर येतात, त्यामुळे सगळा दोष कव्हराचा मानत नाही. तरीही जे बाहेर ठेवायचे तेच कव्हराने आत धरून ठेवले होते, हे नाकारता येत नाही. वेल्क्रोची तक्रार वेगळी. पांदणीच्या कडेच्या गवताची कुसळे तिच्यात इतकी भरली की सप्टेंबरपर्यंत पट्टी अर्धी चिकटेनाशी झाली, आणि कुसळे मला सुईने एकेक काढावी लागली.

रबरी कव्हराखाली त्या दिवशी थोडे पाणी होते, माती जवळजवळ नव्हती, पाईप चकचकीत होता. घड्यांमध्ये बाहेरून चिखल बसतो, तो बादलीभर पाणी ओतले की सुटतो. धुलाई केंद्रातील जोराच्या पाण्याचा फवारा मात्र या भागावर कधीही मारू देऊ नये; तो चिखल काढत नाही, तो सीलच्या आत ढकलतो. डिझेलने पुसणे किंवा आत गाडीचे ग्रीस चोपडणे हेही टाळावे. ग्रीसला धूळ चिकटून लेप तयार होतो आणि तेलाने कव्हराचे रबर फुगून मऊ पडते.

रबरी कव्हराची खरी अडचण उन्हाळ्यात कळली. मे महिन्यात पारा ४५ अंशांवर गेला, गाडी दिवसभर बांधावर उन्हात उभी राहू लागली आणि वरच्या दोन घड्यांना केसासारख्या भेगा पडल्या. त्याच दिवसांत कापडी कव्हराने मुरुमाच्या रस्त्यावरची कोरडी धूळ आणि गिट्टीचे उडणारे तुकडे उत्तम अडवले. वर्षभर डांबरी आणि मुरुमाच्या रस्त्याने फिरणाऱ्या माणसाने कापडी कव्हरच घ्यावे असे मी सुचवीन, पण काळ्या मातीच्या पांदणीने जाणाऱ्याने दीड तास खर्चून रबरीच बसवावे.

दोन्हींचा एक समान तोटा सर्वांत गंभीर वाटतो. कव्हर असले की गळती दिसत नाही. ऑईल आतल्या आत जमते आणि डिस्कपर्यंत आल्यावरच कळते. म्हणून दर रविवारी मी कव्हर वर सरकवतो, पाईप सुती फडक्याने पुसतो, पुढचा ब्रेक दाबून हँडलवर पाच-सहा वेळा जोर देतो आणि पाईपवर ऑईलची गोल रेघ उमटते का ते पाहतो. फेब्रुवारीत डाव्या बाजूला, म्हणजे कापडी कव्हराखाली, तशी रेघ उमटली होती. जुन्या एक्स-रे फिल्मची पट्टी आकड्यासारखी कापून डस्ट सील वर केले आणि ती ऑईल सीलच्या ओठाखालून गोल फिरवली, तेव्हा मोहरीपेक्षा लहान असा पांढरट चुनखडीचा खडा बाहेर आला. सील न बदलताच गळती थांबली.

यंदा मृगाच्या आधी दोन्ही बाजूंना रबरी कव्हरे बसवली आहेत, छिद्रे घरीच पाडून घेतली आहेत, आणि कापडी जोडी धुऊन, कुसळे काढून दिवाळीनंतरसाठी ठेवली आहे.